मुक्या खोऱ्यातला नऊमाणशी धोंडा

दाराच्या सर्वांत खालच्या फळीवर पाच ओरखडे होते. एकमेकांना जवळजवळ समांतर. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत साडेअकरा सेंटिमीटर. मधला सर्वांत खोल, तीन मिलिमीटर, आणि त्याच्या टोकाशी बाभळीच्या लाकडाची एक बारीक शीर अजून ताठ उभी होती. शीतलने टेप गुंडाळला, वहीत आकडे लिहिले आणि उठून अख्खं दार पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. जे काही होतं ते उंबऱ्यापासून वीतभर उंचीच्या आत होतं. त्याच्या वर दार अगदी कोरं.

"काय दिसून राहिलं त्या फळीत?" आतून जनकाबाईने विचारलं. "चहा निवून चालला."

"माय, अस्वल उभं राहून दारावर धडका देत होतं, असं तूच फोनवर सांगितलंस ना?"

"मी न्हाई सांगितलं. लोक सांगून राहिले ते सांगितलं. मी तर दाराला बाज लावून आत बसले होते. मला काय दिसतंय?"

"आणि बाजेखाली काय होतं?"

"काय राहतंय? सीताफळं घातली होती पिकायला."

शीतलने वहीत आणखी एक ओळ लिहिली. परसात या खेपेला वालाचा वेल नव्हता आणि कोंबड्याही कुठे दिसत नव्हत्या, हेही तिला दिसलं. पण ते मोजण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायचं राहिलं.

साखरा गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत तीन आखाडे होते. शेतातच घर, शेतातच गोठा, शेतातच खळं. पहिला जनकाबाईचा, दुसरा तिचा चुलत दीर ग्यानोबा याचा, तिसरा शकुबाईचा. दिवाळीपर्यंत संध्याकाळी तिन्हीकडे दिवे लागायचे. आता एकच लागत होता.

कारण होता एक धोंडा. डोंगराच्या मागे मुकं खोरं आहे आणि त्या खोऱ्यात नऊमाणशी धोंडा आहे. एके काळी नऊ गडी त्याला विहिरीच्या कठड्यासाठी आणायला गेले होते आणि तो तसूभरही हलला नव्हता, म्हणून ते नाव. दिवाळी सरता सरता कुणीतरी पाहिलं, की धोंडा जागेवर नाही. पंधरा फूट खाली पडलाय आणि मूळ जागी अस्वलाच्या नखांनी उकरलेला खड्डा आहे. बस्स! नऊ माणसांना हलला नाही तो एकट्या अस्वलाने उचलून फेकला. त्याच आठवड्यात ग्यानोबाच्या आखाड्याचं पत्र्याचं दार कुणीतरी उचकटलं. जे धोंडा फेकतं त्याला दार काय जड? ग्यानोबा बिऱ्हाड घेऊन गावात उतरला, मागोमाग शकुबाई.

जनकाबाईचा लेक रत्नपाल हिंगोलीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक. दोन वर्षं तो आईला सांगत होता, "हिंगोलीला चल." दोन वर्षं ती एकच उत्तर देत होती, "बघू." धोंड्याच्या बातमीनंतर तो हट्टालाच पेटला. थोरली बहीण शीतल हिंगोलीतच ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. ती एवढंच म्हणाली, की अस्वल असा धोंडा उचलू शकत नाही. त्यावर जनकाबाईने दोघांनाही गप्प केलं होतं.

"तू मोजायच्या शाळेत शिकलीस ना? मग मोजून सांग. तू धोंड्याचं सांग, मग मी माझं पक्कं सांगते."

म्हणून डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी चौघं आखाड्यावरून निघाले. शीतल, रत्नपाल, "मी बी येणार, धोंडा माझ्या डोंगराचा हाय" म्हणणारी जनकाबाई, आणि वाट दाखवायला साखऱ्याचे चाँद पाशा. वनखात्यात तीस वर्षं मजुरी केलेले, अडुसष्ट वर्षांचे, वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखे उंच. त्यांचा मुलगा अफरोज हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा मापाडी. त्याच्याकडून शीतलने पोती तोलायचा लटकता काटा मागून आणला होता. तो काटा, दोर, टेप, पाच फुटी पहार, भाकरी-ठेच्याचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एवढं सामान.

"अफरोज म्हणून राहिला होता, काटा सांभाळून आण," चाँद पाशा म्हणाले. "मी म्हटलं, बेटा, पहिल्यांदा तुझ्या बापाला सांभाळून आण म्हण."

पहिला थांबा ग्यानोबाच्या रिकाम्या आखाड्यावर. दाराला दोन पाखं होती. एकाचा पत्रा खालून वर असा उलटा मुडपलेला, दुसरं शाबूत. रत्नपाल मुडपलेल्या पत्र्यापासून चार हात लांब उभा राहिला.

"ताई, हे बघ. हे तू कसं खोटं पाडणार?"

"खोटं कशाला पाडायचं? मोजायचं." शीतलने शाबूत पाखाच्या खालच्या कडेत काट्याचा आकडा अडकवला आणि दुसऱ्या टोकाचा दोर जनकाबाईच्या हातात दिला. "माय, ओढ. हळूहळू."

"मी? रत्न्याला सांग की."

"तूच ओढ."

जनकाबाईने पदर खोचला, पाय रोवले आणि ओढलं. काट्यावर आकडे चढू लागले. वीस. सत्तावीस. बत्तीस. चौतीस! कर्रर्र करत खिळे निघाले, पत्रा मुडपला आणि जनकाबाई मागच्या कडब्यात जाऊन बसली. मग ती उलट्या मुडपलेल्या दोन्ही पाखांकडे आळीपाळीने पाहू लागली. दोन्ही सारखीच दिसत होती.

"म्हंजे मी बी अस्वलच का काय?"

"हे आमाला लहानपणापासून ठावं हाय," रत्नपाल म्हणाला, आणि कडब्यातून आलेलं ढेकूळ त्याने चुकवलं.

"चौतीस किलो," शीतल लिहीत म्हणाली. "चार खिळे, तेही गंजलेले. यासाठी राक्षस लागत नाही. माय, तुझं दार फळ्यांचं आहे. ते त्याला नुसतं ओरखडता आलं, तेही खालून, कारण उंबऱ्याखाली फट आहे आणि फटीतून सीताफळांचा वास येतो."

चाँद पाशांनी दाढीवरून हात फिरवला. "दरवाज्याचं बराबर हाय, बेटी. पण धोंड्याला खिळे नसतात."

ते खरं होतं. रत्नपालने दोन्ही पत्रे पहारीच्या जाड टोकाने ठोकून पुन्हा नीट बसवले, वर तिथेच पडलेल्या दोन आडव्या पट्ट्याही मारल्या आणि चौघं पुढे निघाले.

ओढा ओलांडला की पळसाचं एक वाकडं झाड लागतं. तिथून मुकं खोरं सुरू होतं. चाँद पाशा थांबले. त्यांनी वाळल्या गवताच्या चार काड्या तोडल्या, एक स्वतःच्या ओठांत धरली आणि तीन तिघांपुढे केल्या. साखऱ्याची ही रीत कुणी कधी मोडली नव्हती. पळसापासून पुढे बोलायचं नाही. ओठांत काडी धरायची, म्हणजे चुकून तोंड उघडलं तरी काडी पडते आणि माणूस भानावर येतो. एवढं ताकदवान जनावर जिथे राहतं, तिथे आपण आलोय हे त्याला कळताच कामा नये.

शीतलच्या मनात काहीतरी अडलं. अस्वलांबद्दल तिने जे वाचलं होतं ते याच्या नेमकं उलट होतं. पण चाँद पाशांचा हात पुढे होता, आईने काडी घेतलीही होती, आणि खरं सांगायचं तर गप्प राहणं तिला नेहमीच सोपं जायचं. तिने काडी ओठांत धरली.

खोरं सुंदर होतं. सागाची मोठाली पानं गळून वाटेवर पडली होती, कुसळी गवत कमरेपर्यंत पिवळं झालं होतं, आणि काळ्या खडकांच्या सांदीत दवाने अजून ओलावा धरून ठेवला होता. डावीकडच्या खिंडीतून एकदाच, अगदी लांब उत्तरेला, पैनगंगेची चकाकती रेघ दिसली आणि पुन्हा झाकली गेली. चौघांच्या पावलांखाली पानं चुरचुरत होती. शेवटी तीही चुरचुरू नयेत म्हणून चाँद पाशा खडकाखडकावरून पाऊल टाकू लागले आणि बाकीचे त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत गेले.

वाटेत एक वारूळ लागलं, छातीएवढं. त्याच्या कुशीत एक भोक होतं. रत्नपालने कुतूहलाने शेजारी पहारीचा घाव घातला. टण्ण! मूठभर माती उडाली. त्याने दुसरा घातला. पुन्हा मूठभर. शीतलने शेजारच्या भोकात हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला. आतल्या भिंतीवर नखांच्या खाचा बोटांना लागत होत्या. पहारीला न जुमानणारी ती माती कुणीतरी भाकरी मोडावी तशी मोडली होती. तिने हात बाहेर काढला आणि माती कुठवर लागली ते टेपने मोजलं. धोंडा उचलणं खोटं असेल. हे खोटं नव्हतं.

पुढे वाट बोरींच्या जाळीत शिरत होती. वारा समोरून येत होता. जाळीच्या वळणावर चाँद पाशा वळले आणि जागीच थिजले.

दहा पावलांवर बोरीची एक फांदी हलत होती. फांदीखाली काळ्या केसांचा एक ढीग होता. ढिगातून फुरफुर, मचमच असा आवाज येत होता, जसं कुणी घाईघाईने जेवत असावं. मग ढिगाला मळकट पांढरं तोंड फुटलं.

अस्वल त्यांच्याइतकंच दचकलं!

"भूऽफ!" ते दोन पायांवर उभं राहिलं. छातीवर पिवळट पट्टा. पुढचे पंजे लोंबते, नखं बोटाएवढी. रत्नपाल वळला आणि पळाला. अस्वल खाली आलं आणि पळणाऱ्याच्या मागे सुटलं. ते चाँद पाशांच्या शेजारून गेलं, जनकाबाईच्या लुगड्याला वारा लागला. इतकं जड जनावर, आणि चेंडूसारखं! रत्नपालचा पाय मुळात अडकला. तो कोसळला. खांद्यावरची पिशवी सुटून मागे पडली.

"पळू नकोस! पडून राहा, मान झाक!"

आवाज कुणाचा हे शीतलला क्षणभर कळलं नाही. वर्गात कधी मोठ्याने न बोललेली बाई खोरं दणाणून ओरडली होती. ओठांतली काडी कधीच पडली होती. अस्वल पिशवीपाशी अडलं. एक फटका! जाड कॅनव्हास उभा फाटला, काटा उडून खडकावर आपटला, डबा उघडला.

आणि मग जनकाबाईने घसा मोकळा केला. ज्वारीत शिरलेल्या रानडुकरांना ती चाळीस वर्षं जसं हाकलत आली होती, तसंच.

"हाऽऽ! हाऽऽ, निघ! निघ तिकडं!"

चाँद पाशांनी काठी खडकावर आपटायला सुरुवात केली. शीतल रत्नपालच्या हातून पडलेली पहार दगडावर वाजवू लागली. अस्वलाने डब्यात नाक घातलं, जोराने शिंकलं, डोकं झाडलं, पुन्हा शिंकलं आणि धडधडत, फांद्या मोडत, जाळी फाडत चढणीला लागलं. बराच वेळ वर दगड घरंगळल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

रत्नपाल उठून बसला. गुडघा सोलवटला होता, बाकी काही नाही.

"गेलं?"

"गेलं," जनकाबाई त्याच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली. "माझ्या ठेच्यानं गेलं. नावं ठेवत होतास ना, लई तिखट करती म्हणून?"

"ठेच्यानं गेलं की ओरडण्यानं, सांगता येणार नाही," शीतल खडकाला टेकत म्हणाली. "दोन्ही एकाच वेळी झालं."

रत्नपाल आधी हसला, मग सगळेच हसले. फक्त चाँद पाशा हसले नाहीत. त्यांच्या ओठांत अजूनही काडी होती.

"चाचा," शीतल म्हणाली, "ती काडी टाका आता."

"काहून?"

"त्याला नीट दिसत नाही. आणि तोंड खाण्यात असलं की त्याला ऐकूही येत नाही, स्वतःचाच आवाज इतका असतो. वारा आपल्याकडे होता, म्हणून वासही गेला नाही. माणूस दहा पावलांवर आल्यावर त्याला एकदम कळतं. मग ते घाबरतं आणि अंगावर येतं. आपण बोलत आलो असतो तर ते आधीच निघून गेलं असतं. मला हे ठाऊक होतं, चाचा. मी बोलायला पाहिजे होतं."

चाँद पाशा बोटांवर काहीतरी मोजत होते.

"अमृतराव," शेवटी ते म्हणाले. "त्याचा कान गेला. शंकरसिंगचा खांदा. भिकाबाईचं डोकं फुटलं, वाचली बिचारी. आणखी दोघं. पाच जणांना या खोऱ्यातून मी झोळीत घालून नेलं, बेटी. पाचही जण काडी धरून होते." त्यांनी ओठांतली काडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ती खिशात ठेवली, जशी एखादी मोडकी वस्तू माणूस दुरुस्तीला ठेवतो. "त्याची ताकद लई मोठी मानली आमी. म्हणून गप बसलो. आणि गप बसलो म्हणून मार खाल्ला."

रत्नपालने काटा उचलला. काच फुटली होती, आकडे दिसत नव्हते. पाण्याच्या दोन बाटल्या, टेप, दोर आणि पहार शिल्लक होती. "चला माघारी," तो म्हणाला. "काटा गेला, डबा गेला. मोजायला काय राहिलं?"

"धोंडा राहिला," जनकाबाई म्हणाली. "धोंडा बघितल्याबिगर मी माघारी येत नसते. मला पक्कं सांगायचं हाय न्हवं?"

मग चौघं मोठमोठ्याने बोलत पुढे गेले. साखऱ्याच्या आठवणीत प्रथमच मुक्या खोऱ्यात माणसांची बडबड चालली होती. चाँद पाशांना आधी जमेना. ते दर वाक्यानंतर मागे वळून पाहायचे, जणू कुणी मोठं माणूस रागावणार आहे.

दुपारी दोनच्या सुमारास ते धोंड्यापाशी पोचले. काळा, पैलूदार, उतारावर एका मातीच्या बांधाला टेकून थांबलेला. त्याच्या खाली ओढ्यापर्यंत तीव्र उतार. वर पंधरा फुटांवर खड्डा.

"हाच," चाँद पाशा म्हणाले. "त्या नऊ जणांत मी बी होतो. अठरा वर्षांचा. माझी कंबर हप्ताभर धरली होती."

शीतलने टेप काढला. लांबी एक मीटर दहा, रुंदी पंच्याहत्तर सेंटिमीटर, उंची साठ. कोपरे गेले, पैलू गेले, ते वजा करून तिने वहीच्या पानावर हिशोब मांडला. काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन-तीनपट जड. "काटा नाही, म्हणून नक्की सांगत नाही. पण साडेआठ क्विंटलच्या आसपास."

"हळदीची सतरा पोती," चाँद पाशा लगेच म्हणाले. मापाड्याचा बाप शेवटी.

"मघाचं अस्वल फार तर सव्वा क्विंटलचं. ते एकावर एक सतरा पोती उचलून फेकेल?"

"न्हाई बा," रत्नपाल म्हणाला. "पण मग पंधरा फूट आला कसा हा?"

शीतल खड्ड्यापाशी चढून गेली आणि गुडघ्यांवर बसली. खड्ड्याच्या वरच्या बाजूची माती अखंड होती. खालच्या बाजूची मात्र सगळी उकरलेली, नखांच्या खाचा अजून स्पष्ट, आणि तळाशी वाळवीच्या पोकळ वाटा. मग ती उतरत, गवत बाजूला सारत खाली आली. धोंड्याच्या वाटेवर जमिनीत तीन खोल खळगे होते, साधारण एकेक मीटरवर. शेवटी तिने धोंड्याच्या तळाशी बोट घातलं.

"इथे बघ. दगडफूल. उन्हात वाढतं ते. म्हणजे हा आधी माथा होता, आता तळ झालाय. फेकलेली वस्तू एकदाच पडते, रत्नपाल. हा तीन वेळा कूस बदलत आला. लोळत."

"कुणी लोळवला?"

"उताराने. अस्वलाने धोंडा उचललाच नाही. त्याने वाळवीसाठी धोंड्याखालची माती उचलली. पावसाने जमीन मऊ होती, खालचा आधार गेला, आणि धोंडा आपला आपण निघाला. अस्वलच बिचारं दचकून पळालं असेल."

चाँद पाशांनी मान डोलावली, पण पूर्ण नाही. "आमी नऊ जण होतो, बेटी. तेव्हा बी उतार होताच की."

"तुम्ही त्याला कुठे न्यायला बघत होता?"

"वर. बैलगाडी वर हुती."

"आणि खालची माती काढली होती?"

चाँद पाशांनी कपाळावर हात मारून घेतला. "पन्नास वर्षं! पन्नास वर्षं मी गावाला सांगून राहिलो, नऊ माणसांना हलला न्हाई. वर हलला न्हाई, असं म्हणायला पाहिजे होतं."

"बघायचंय?" शीतल म्हणाली. आता तिचेच डोळे चमकत होते. "एका माणसाला हलतो का ते?"

तिने आधी सगळ्यांना धोंड्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. खाली ओढ्यात कुणी माणूस, ढोर नाही ना, हे पाहायला रत्नपालने तीनदा हाळी दिली. चाँद पाशांनी बाजूला उभं राहून पहारीच्या टोकाने बांधाची माती थोडी थोडी ओढून काढली, जशी अस्वलाने काढली असेल तशी. मग शीतलने पहार धोंड्याच्या बुडात सरकवली, तिच्याखाली टेकू म्हणून एक लहान दगड बसवला आणि दुसरं टोक आईच्या हातात दिलं.

"पुन्हा मीच?"

"तूच. खाली दाब."

जनकाबाईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला. पहारीवर दोन्ही हात ठेवले. दाबलं. काही नाही. तिने पाय सरकवले, पहार आणखी टोकाला धरली आणि अंगाचा सगळा भार टाकला.

धोंडा कुरकुरला.

"हलला," रत्नपाल कुजबुजला.

"मोठ्यानं बोल!" चाँद पाशा म्हणाले.

"हललाऽ!"

बांध खचला. धोंडा एक क्षण कडेवर तोलून राहिला, विचार करत असल्यासारखा. मग गेला! एक कूस. दुसरी. गवत झोपलं, माती उडाली, सागाची दोन रोपं मोडली. तिसरी कूस, चौथी, आणि धडाऽम करत तो ओढ्याच्या डोहात पडला. पाणी माणूसभर उसळलं. खोऱ्याच्या पल्याडून आवाज परत आला, मग आणखी एकदा, बारीक होऊन.

जनकाबाई पहार हातात धरून उभी होती. लुगडं धुळीने माखलेलं, तोंड उघडं. नऊ माणसांचा धोंडा तिच्यासमोर डोहात पडला होता आणि त्याच्यावरून पाणी वाहत होतं.

"माझ्या हातानं गेला," ती म्हणाली.

"तुझ्या हातानं, पहारीनं, उतारानं आणि चाचांनी काढलेल्या मातीनं," शीतल म्हणाली.

"व्हय, पण माझ्या हातानं."

रत्नपालने सगळं फोनवर टिपलं होतं. तो परत परत बघत होता. शीतल मात्र रिकाम्या झालेल्या जागेकडे पाहत होती. पुन्हा मोजावं असं काही आता उरलं नव्हतं. पण मोजायचं होतं ते वहीत होतं.

चार वाजता ते परतीला लागले. ऊन तिरपं झालं होतं आणि वाट पुन्हा बोरींच्या जाळीतून जात होती. शीतलने नियम घातला. जाळी संपेपर्यंत आवाज थांबता कामा नये. पाळीपाळीने बोलायचं, काहीही, पण मोठ्याने.

पहिली पाळी रत्नपालची. त्याने कंडक्टरसारखी हाक द्यायला सुरुवात केली. "चला, वाशिम, वाशिम! कनेरगाव नाका उतरणारे पुढं या! सुट्टे पैसे काढून ठेवा! ओ मावशी, कोंबडीचं तिकीट लागतं!" जाळीतून एक मोर धडपडत उडाला आणि तो स्वतःच दचकून थांबला.

दुसरी चाँद पाशांची. ते आता रंगात आले होते. "आज संध्याकाळी चावडीवर सांगणार मी. म्हणणार, जनकाबाईनं एका हातानं नऊमाणशी धोंडा उचलला आणि..."

"दोन हातांनी," शीतल म्हणाली. "आणि उचलला नाही, ढकलला."

"बरं, दोन हातांनी. अस्वल समोर उभं राहून बघून राहिलं होतं..."

"चाचा, अस्वल अडीच तास आधी गेलं होतं."

"बेटी, जराशी तरी जागा ठेव सांगणाराला!" ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "न्हाई, बराबर सांगेन. ग्यानोबाला त्याच्या दरवाज्याचे खिळे दाखवेन, रत्नपालचा फोन दाखवेन. काडीचं बी सांगेन. ते सांगायला तकलीफ होईल, पण सांगेन. खोऱ्यात जायचं तर बोलत जा. घरात फळं पिकत घालू नका. उंबऱ्याची फट बुजवा. एवढं केलं तर येतील सगळे परत आखाड्यावर. ग्यानोबा तर आठ दिवसांत येतो बघ, त्याला गावात झोपच लागत न्हाई."

"खरंच येतील ग्यानोबा भावजी?" जनकाबाईने विचारलं.

"मी आणतो. मग तर झालं?"

तिसरी पाळी जनकाबाईची होती. ती पुढे चालत होती, पहार खांद्यावर. चार पावलं गेली, आठ पावलं गेली. ती काहीच बोलली नाही. डावीकडे जाळीत काहीतरी सळसळलं.

"माय, बोल," शीतल म्हणाली. "काहीही बोल."

"काय बोलू?"

"मनात असेल ते."

जनकाबाई आणखी दोन पावलं चालली. मग वाटेतच थांबली, मागे वळली आणि मुलांकडे न बघता, बोरींच्या जाळीकडे बघत, रानडुकरं हाकलायच्या आवाजात बोलू लागली.

"दोन वर्षं तुमी विचारून राहिले आणि मी बघू म्हणून राहिले. पहिल्या साली मला खरंच कळत नव्हतं. औंदा कळलं. गुडघे धरायले. कोंबड्या मी दिवाळीलाच शकुबाईला दिल्या. वाल लावलाच न्हाई."

शीतलला सकाळचं रिकामं परस आठवलं. तिने ते पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं.

"पण तेवढ्यात हा धोंडा निघाला. लोक पळाले. मग मी कशी जाऊ? गेले असते तर गाव म्हणलं असतं, जनकाबाई अस्वलाला भिऊन पळाली. आणि डोंगरावरचा शेवटचा दिवा बी गेला म्हणल्यावर कोण परत आलं असतं? म्हणून बसले दाराला बाज लावून. भ्या काय मला वाटत नव्हतं का? वाटत होतं." तिने पहार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "आता ग्यानोबा भावजी येऊन राहिले. शेत ते बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतील. धोंडा मी माझ्या हातानं डोहात घातला. आता मला कुणी भित्री म्हणून दाखवावं."

सळसळ थांबली. जाळीतून एक भारद्वाज बाहेर आला, त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत वाट ओलांडून गेला. पुढे पळसाचं वाकडं झाड दिसत होतं आणि त्याच्या मागे, आखाड्याभोवती, हळदीचं रान उन्हात पिवळं पडत होतं.

जनकाबाईने घसा खाकरला. आवाज आणखी चढवला, खोऱ्याच्या त्या टोकापर्यंत जावा इतका.

"हळद निघाली की मी हिंगोलीला येते!"